दहा जणींसाठी पाच केबिनी

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. निरोपाची शाल नको न् नारळ नको, मला समुद्र दाखवा, असं त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं. जन्म सोलापुरात, नोकरी सोलापुरात, आणि समुद्र त्यांनी भिंतीवरच्या नकाशात रूळ टेकवून मुलींना दाखवला होता तेवढाच. मग ठरलं की शाळेतल्या सगळ्या बायकांनी मिळून मुंबईहून बोटीनं गोव्याला जायचं. नवरे आणि मुलं घरी. ही अट ऐकून जो आनंद झाला तो शाळेचा निकाल चांगला लागल्यावरही कधी झालेला मी पाहिला नाही.

मी इंग्रजी शिकवत असे, म्हणून बोट कंपनीशी पत्रव्यवहार करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेले होते, आणि मी भाड्याच्या एका खोलीत राहत होते. शाळेत माझ्या तोंडाला सगळ्या वचकून असत. कोणाची साडी कशी दिसते, कोणाच्या नवऱ्याचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं, सगळं मी तोंडावर बोलायची, एक घाव दोन तुकडे. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा तो फक्त भाजीवालीपुढे. मेथीची एक जुडी निवडायला मी पाव तास लावायची. ती समजायची, बाई फार चोखंदळ आहेत.

कंपनीकडून दोन बोटींची छापील पत्रकं आली. एक बोट जुनी, लहान. तिच्यावर बहुतेक सगळा उघडा डेकच होता. ज्यानं त्यानं आपलं अंथरूण पसरायचं आणि तेवढी जागा आपली. दुसरी बोट नवीकोरी, जवळजवळ दुप्पट मोठी, नुकतीच सुरू झालेली. तिच्या पत्रकात केबिनचं चित्र होतं. एकावर एक दोन पलंग, एक वाटोळी खिडकी, आणि कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. केबिन दोन जणींची.

मी पत्रकं टेबलावर ठेवली आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं मंगल कार्यालय झालं. "आपण दोघी हं," असं एकीनं दुसरीला म्हटलं, तशा बाकीच्याही एकमेकींचे हात धरायला लागल्या. आमच्याकडे दोन सख्ख्या जावा शिक्षिका होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "आमच्या घरात चौदा माणसं. एक रात्र मला दार लावून बसायला मिळालं तर गोवा नाही दिसला तरी चालेल." मोठ्या बाईंना भूगोलाच्या बाईंनी मागून घेतलं. सुट्टीची घंटा होईपर्यंत आठ जणींच्या चार जोड्या झाल्या होत्या. मी नववी.

कोणी मुद्दाम केलं असं नाही. मी पत्रकाची घडी घालत होते आणि एकीचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं, इतकंच. मोठ्या बाईंच्याच ते ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय, स्वतंत्र केबिन मिळेल. चैन आहे तुमची." सगळ्या हसल्या, मीही हसले. एकटं राहायला मला बोटीवर जायची गरज नव्हती, ते मी सोलापुरात रोज करतच होते. मला भीती वाटली ती त्या चित्रातल्या दुसऱ्या पलंगाची. रात्रभर तो माझ्या डोक्यावर रिकामा राहणार होता.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या बोटीची वकिली सुरू केली. डेकवर वारा असतो, केबिनीत कोंडतं. डेकवर सगळ्या एका रांगेत झोपू, पत्ते खेळू. केबिनीत जाऊन निजायचं असेल तर आपापल्या घरी काय वाईट आहे? पण माझ्या बोलण्यात दम नव्हता. "डेकवर कोण कोण येऊन पसरतं कोणास ठाऊक," असं थोरली जाऊ म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. नवी बोटच हवी, असं ठरल्यातच जमा झालं.

मी कंपनीला पत्र लिहायला बसले तेव्हा मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. नऊ जणी, असं मी लिहिलेलं पाहून त्या म्हणाल्या, "दहा लिहा. पाच केबिनी मागा."

"दहावी कोण?"

"शिवणाच्या बाई. बघू म्हणाल्यात."

मी म्हटलं, "त्या कुठं येतात?" आणि ते खरंच होतं. शिवणाच्या बाई अक्कलकोटच्या पलीकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. हळदीकुंकवाला नाहीत, सहलीला नाहीत, डबासुद्धा त्या शिवणवर्गात मशीनशेजारी बसून एकट्याच खायच्या. बारा महिने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायच्या, मानेशी बटण. सोलापूरचा एप्रिल, पंखाही गरम वारा फेकतो, आणि त्यांच्या बाह्या काही वर सरकत नसत. मी एकदा त्यांना भर स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, "बाई, तुमच्यापेक्षा तुमचं मशीन सुखी. त्याची खोळ तरी रोज काढतात." त्या नुसत्या हसल्या होत्या. तर मी नवाचे दहा केले आणि पत्र टाकलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शाळेच्या पत्त्यावर, पण माझ्या नावानं. आपण कळवलेल्या तारखेला नव्या बोटीवर दहा जणींसाठी पाच केबिनी देता येतील, लवकर कळवावं. एवढंच होतं. मी ते व्हरांड्यात उभं राहून दोनदा वाचलं, निबंधाच्या वह्यांत घातलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं, "नव्या बोटीच्या केबिनी भरल्या. जुन्या बोटीवर जागा आहे."

मी फटकळ होते, खोटारडी नव्हते. म्हणून कोणाला शंकाही आली नाही. थोरली जाऊ तेवढी "जाऊ दे, नशिबातच नाही दार," म्हणाली. मला वाईट वाटलं, पण फार नाही. शिवणाच्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "मग माझं काय जमत न्हाई, बाई. तुमी सगळ्या जावा." आणि आपल्या वर्गाकडे निघून गेल्या. आल्या असत्या तर नवल, असं कोणीतरी म्हणालं. मीच म्हणाले असेन.

मेमध्ये आम्ही निघालो. गाडी केम स्टेशनच्या पुढे जाईपर्यंत निम्म्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी संपली होती. मुंबईत धक्क्यावर पोचलो तर आमच्या बोटीच्या शेजारी ती नवी बोट उभी. पांढरीशुभ्र, पत्रकातल्या चित्रापेक्षाही मोठी, वाटोळ्या खिडक्यांच्या ओळीच्या ओळी. ती दुसऱ्या दिवशी सुटणार होती. जुनी बोट आदल्या दिवशी सुटायची, म्हणून आमची तारीख मी एक दिवस अलीकडे घेतली होती. नऊही जणी माना वर करून तिच्याकडे बघत राहिल्या. थोरली जाऊ खिडक्या मोजत होती. मी हमालाशी उगाचच भांडण काढलं.

डेकवर आम्ही आमच्या चादरी पसरल्या. नऊ सोलापुरी चादरी एका रांगेत, लाल, हिरव्या, निळ्या. शेजारच्या एका कोकणी बाईनं विचारलंसुद्धा, "विकायला नेताय का?" आमची हसून पुरेवाट झाली. मनासारखं झालं म्हणून मला फार बरं वाटत होतं. मग मी रांगेकडे नीट पाहिलं. चादरी दोन दोन करून पसरल्या होत्या, काठाला काठ लावून. जोडी, मग थोडी जागा, मग जोडी. माझी चादर शेवटी होती, आणि तिच्या न् अलीकडच्या जोडीच्या मध्ये सगळ्यांच्या ट्रंका आणि पिशव्या रचून ठेवल्या होत्या. "तुम्ही आहात ना तिथं, सामानावर लक्ष राहील," धाकटी जाऊ म्हणाली. केबिनीशिवायही जोड्या होतात, हे मला आधी सुचलं नव्हतं.

दुपारी बोट चांगलीच हलायला लागली. निम्म्या जणी आडव्या झाल्या. मोठ्या बाईंना काहीच होत नव्हतं. त्या कठड्याशी बसून मन भरून समुद्र बघत होत्या. मग उठून ट्रंकांना वळसा घालून माझ्या चादरीवर येऊन बसल्या.

"शिवणाच्या बाई यायला हव्या होत्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "त्यांना माणसांचं वावडं आहे."

मोठ्या बाई जरा जवळ सरकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कोड आहे त्यांना. हातांवर, पाठीवर, गळ्याच्या खाली. म्हणून त्या बाह्या. डेकवर सगळ्यांच्या देखत कपडे कसे बदलणार? केबिन असेल तर येते म्हणाल्या होत्या. तीही तुमच्याबरोबर असेल तर."

"माझ्याबरोबर?"

"मीही हेच विचारलं. एवढ्या टोचून बोलतात तुम्हाला, आणि त्यांच्याबरोबर? तर म्हणाल्या, त्या बाई तोंडावर बोलतात, पाठीमागं बोलत न्हाईत. बघतील, एकदा काय बोलायचं ते बोलतील आणि मग इसरतील. बाकीच्या बोलणार न्हाईत, पण बघत राहतील. केबिन मिळाली की तुम्हाला आधी सांगून ठेवा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आता सांगून काय उपयोग म्हणा. भरल्याच होत्या, तुम्ही तरी काय करणार?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात सहन होईना. मी पाणी आणायचं निमित्त करून उठले आणि बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांत मला कोणीतरी निवडलं होतं, आणि तेही मी खरं बोलते म्हणून. मी रडले. वाऱ्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे रडायला सोय झाली. गोव्यात आम्ही चार दिवस होतो. देवळं पाहिली, चर्च पाहिलं, काजू घेतले. त्यातलं मला फारसं आठवत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मोठ्या बाई नव्हत्या. पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिवणवर्गात गेले. मुली निघून गेल्या होत्या आणि शिवणाच्या बाई मशीनला तेल घालत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"या की. कसा होता समुद्र? मोठ्या बाई लई खूश झाल्या असतील."

काय काय सांगायचं ते मी सकाळी शाळेत येताना रस्त्यानं ठरवलं होतं. ते तसंच राहिलं. मी पिशवीतून कंपनीचं पत्र काढलं आणि मशीनवर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं.

"मला इंग्रजी कुठलं येतंय? काय लिवलंय?"

मग मला ते वाचून दाखवावं लागलं, एकेक ओळ मराठीत करून. नव्या बोटीवर, दहा जणींसाठी, पाच केबिनी देता येतील. त्यांनी पत्राची तारीख विचारली, मी सांगितली. एवढ्या वर्षांत मी शेकडो उतारे मुलींना समजावून दिले, पण इतकं अवघड भाषांतर मला कधी करावं लागलं नाही.

"म्हंजे जागा हुती," त्या म्हणाल्या.

"होती. मी खोटं बोलले."

"का?"

"सगळ्यांच्या जोड्या झाल्या होत्या. माझ्याबरोबर कोणी राहणार नाही असं वाटलं."

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. फडक्यानं बोटं पुसली, एकेक करून, आणि पुसताना उजवी बाही जराशी वर सरकली. मनगटाच्या आत रुपयाएवढा पांढरा डाग होता. त्यांनी बाही खाली ओढली नाही. मी डागाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला काही बोलावंसं वाटलं नाही. 

"मला इचारायचं की, बाई," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. भरतकामात मुलीचा टाका चुकला की त्या म्हणत, इथं मला विचारायचं की, तसंच म्हणाल्या. पत्राची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली, बाहीचं बटण लावलं आणि मशीनवर खोळ चढवली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. त्या दाराला कुलूप लावेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग त्या त्यांच्या रस्त्यानं गेल्या आणि मी मंडईकडे वळले. घरी जायच्या आधी कोणाशी तरी बोलायचं म्हणून मी मेथीची जुडी निवडत बसले.