ओहायोतला कणकेनं बंद केलेला लंडनचा डबा

जर्सी सिटीत दादाच्या सोफ्यावर दोन महिने काढले, की तो सोफासुद्धा तुमच्याकडे संशयानं बघायला लागतो. जानेवारी उजाडला होता, खिडकीतून पलीकडच्या टॉवरच्या खिडक्याच दिसायच्या, आणि दादा रोज न चुकता विचारायचा, "मग, पुढे काय प्लॅन?" बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये.

वहिनीनं सुटका केली. तिची शैलामावशी ओहायोमधल्या डब्लिनला राहते. "जाऊन ये तिच्याकडे. पहिल्या रविवारी त्यांच्या नाटकवाल्यांचं काहीतरी असतं. लंडनच्या नाटकांची भाकितं करतात."

"ओहायोत बसून?"

"ओहायोत बसून."

मला हे पटलं नाही. मराठी माणसं, अमेरिकेत, इंग्लंडच्या नाटकांचं भविष्य सांगतात म्हणजे याच्या तळाशी विमा नाहीतर साबणाची एजन्सी निघणार, अशी माझी खात्री होती; दादाला तसं बोलूनही दाखवलं. म्हणूनच गेले.

गुरुवार, बस. जाणाऱ्यांसाठी सांगते: न्यूयॉर्कहून कोलंबसला थेट बस मिळते. तिकीट आठवडाभर आधी काढा, आदल्या दिवशी काढलंत तर विमानाच्या भावात पडतं. सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता, रात्रीच्या जेवणाच्या. बसमधला हीटर एकतर बंद असतो नाहीतर भट्टी, तेव्हा अंगावर तीन पातळ थर घाला, एक जाड नको. पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही. तिथल्या एका थांब्यावर मी मिठाचा प्रेट्झेल घेतला आणि पलीकडच्या दुकानात जुन्या नंबरप्लेटा बघत बसले. बस माझ्याशिवाय निघाली होती. पळत जाऊन दार बडवलं. ड्रायव्हर म्हणाला, "तू प्रत्येक ठिकाणी अशीच करतेस का?" आईनं फोन केला असावा असं वाटून गेलं.

शैलामावशी घ्यायला आली होती. साठीच्या पुढची, बुटकी, लोकरी टोपीखालून टिकली. डब्लिनमध्ये गाडीशिवाय काही होत नाही, हे तिनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळं.

तर ते असं आहे. इथल्या एका सिनेमागृहात अधूनमधून लंडनच्या नाटकांचं चित्रीकरण दाखवतात. मावशी आणि आणखी सात-आठ मराठी नाटकवेडे ते एकही चुकवत नाहीत. दर जानेवारीत प्रत्येक जण एका चिठ्ठीवर येत्या वर्षातल्या ब्रिटिश रंगभूमीबद्दल दोन गोष्टी लिहितो: एक भाकीत, एक आशा. चिठ्ठी आहेराच्या पाकिटात, तेच रुपया चिकटवलेलं, बाहेर नाव. सगळी पाकिटं स्टीलच्या डब्यात. डब्याच्या झाकणाला कणीक लावून बंद करायचं आणि कणकेवर सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं हळदीचं बोट उठवायचं. वर्षानं उघडायचं. ज्याचं भाकीत खरं ठरेल तो सगळ्यांनी मिळून जमवलेल्या विमानाच्या माइल्सवर लंडनला जातो, नाटक बघतो, आणि परत येऊन बाकीच्यांना ते करून दाखवतो.

"कोण जिंकतं?" मी विचारलं.

"देशमुख तीनदा गेले."

"आणि वडीलधारं बोट कुणाचं?"

"देशमुखांचंच," मावशी म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं.

खोलीत गेले तर भिंतीशी एक सुटकेस उघडी पडलेली. पूर्ण रिकामी, फक्त कोपऱ्यात एक घडीची छत्री. कुणी येणार नव्हतं, कुणी जाणार नव्हतं. विचारलं तर मावशी "असू दे तशीच" म्हणून आमटी गरम करायला गेली. मी तीही गोष्ट मनात टिपून ठेवली.

शुक्रवार. सकाळी डबा आणायला देशमुखकाकांकडे. ऑक्टोबरात मावशीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हापासून डबा त्यांच्याकडे होता. वाटेत मी मावशीला त्या सिमेंटच्या कणसांच्या शेतापाशी गाडी थांबवायला लावली. माणसाएवढी पांढरी मक्याची कणसं रांगेनं उभी, शंभरेक असतील. फुकट बघता येतात, पार्किंगही फुकट. नक्की जा, पण वाऱ्याच्या दिवशी नको, कान गळून पडतात. पाऊण तास तिथंच गेला.

देशमुखकाका मूळचे नागपूरचे, उंच, रिटायर्ड, स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर पुन्हा स्वेटर. "ये गं बावा. तूच ना ते कॉलेज सोडलेली?"

"हो. तुम्हीच ना ते तीनदा जिंकलेले?"

ते हसले, पण डबा देताना माझ्याकडे बघेनात.

परतताना डबा माझ्या मांडीवर होता. इथं माझं एक शिक्षण कामी आलं. कॉलेज सोडल्यावर साताऱ्याच्या बाहेर हायवेवरच्या एका हॉटेलात मी सात महिने बिर्याणीच्या हंड्यांना कणीक लावत होते. कणीक दुसऱ्या दिवशी कशी असते, आठवड्यानं कशी असते, हे माझ्या नखांना ठाऊक आहे. वर्षाची कणीक दगड होते, तडकते, झाकण ठोकलं की खपल्या उडतात. मी हळूच नख दाबलं. वरचा पापुद्रा मोडला आणि नख आत गेलं.

ही कणीक फार तर तीन-चार दिवसांची होती.

मावशीला सांगितलं नाही. मला म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायचं होतं. चौथी लंडनवारी काय.

शनिवार. सिनेमागृह. तिकीट साध्या सिनेमापेक्षा महाग, पॉपकॉर्न घेऊ नका, चावल्याचा आवाज झाला तर मावशी बघते. नाटक मला अर्धं कळलं. पण मध्यंतरात कॅमेरा लंडनच्या प्रेक्षागृहावर फिरत राहतो, लोक उठतात, आइस्क्रीम खातात. आमच्या इथले सगळे उठून बाथरूमला गेले. मावशी हलली नाही.

"ती बघ, चौथ्या रांगेत कडेची," ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "रिकामी आहे. अख्खा पहिला अंक रिकामी होती."

"तुम्ही खुर्च्या मोजता?"

"रिकाम्या तेवढ्या."

"एवढं आहे तर तिकीट काढून जात का नाही? पैसे तर आहेत."

मावशीनं मांडीवरची चॉकलेटी शाल नीट केली. "तुझ्या काकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, नाटक म्हटलं की जांभई येते. मी एकटी, नाटक बघायला, लंडनला जाते म्हणून सांगायला तोंड लागतं गं. जिंकले असते तर सांगता आलं असतं, जावंच लागतंय." मग दिवे गेले.

रविवार. मावशीच्या हॉलमध्ये दहा जण, वीस बूट, साबुदाणावडे. प्राची पंच होती. ती पुण्याची, एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे चुका शोधण्याचाच पगार घेते. लॅपटॉप उघडून बसली होती. एक नियम तिनं पुन्हा वाचून दाखवला: पक्क्या गोष्टी भाकीत म्हणून चालत नाहीत. "तिकिटं महागणार, असं कुणी लिहिलं असेल तर आत्ताच बाद."

"म्हणजे माझं गेलंच," मागून कुणीतरी म्हणालं.

झाकण चमच्यानं उचकटलं. कणीक तुटली नाही, ओढली गेली. माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं. प्रत्येकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची असते. देशमुखकाकांची निघाली तेव्हा मी पुढे सरकले. भाकीत: रेल्वे स्टेशनवरचं ते नवीन संगीत नाटक वर्षभर हाऊसफुल्ल जाईल.

प्राचीनं शोधलं. "काका, सहा आठवड्यांत बंद पडलं."

"गाडी सुटली," काका म्हणाले आणि निवांत वडा खाऊ लागले.

मी गोंधळले. डबा उघडायचा आणि स्वतःची चिठ्ठी चुकीचीच ठेवायची? मग मावशीचं पाकीट निघालं. प्राचीनं एकाच भाकितात तीन गोष्टी वाचल्या: जुन्या राजाच्या नाटकात बाई राजा होईल, ते मध्यंतराशिवाय चालेल, आणि टीव्हीवरच्या मोठ्या नटाच्या आजारपणात बदली नट नाव काढेल.

लॅपटॉपवर बोटं चालली. "बरोबर. हेही बरोबर. शैलाकाकू, तिन्ही बरोबर आहे यार."

टाळ्या झाल्या. मी मावशीकडे बघितलं, मग काकांकडे. म्हणजे दोघं मिळून? मावशी टाळ्या वाजवत नव्हती. तिनं हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. एवढ्या वेळात कुणीही तिला लंडनची कुठली तारीख हवी ते विचारलं असतं. काकांनी विचारलंही: "मग शैलाताई, मे का जून?"

मावशीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हे मी लिहिलेलं नाही. अक्षर माझं नाही."

मग मी तोंड उघडलं, मला राहवत नाही. "कणीक ताजी आहे. याच आठवड्यातली."

सगळे कणकेकडे बघायला लागले आणि मग, हळदीच्या बोटावरून, देशमुखकाकांकडे.

"शैलाताई," काका म्हणाले, "चुपचाप जाऊन यायचं ना."

"माझी चिठ्ठी कुठंय?"

"तीनदा गेलो मी. तीनदा परत आलो, इथं नाचून दाखवलं, आणि तुमी दर वेळी एकच विचारता, पडदा कसा उघडला. मला काई सांगता येत नाई हो ते."

"माझी चिठ्ठी, देशमुख."

त्यांनी खिशातल्या पाकिटातून चिठ्ठीची घडी काढली आणि दिली. मावशीनं ती प्राचीकडे सरकवली, नियमाप्रमाणे दुसऱ्यानं वाचायची म्हणून. प्राचीनं वाचली, पण आवाज निम्मा झाला होता.

"भाकीत: यंदाही लंडनच्या कुठल्याच नाटकाच्या प्रेक्षकांत मी नसणार. आशा: वरचं चुकावं."

वडे थंड झाले. कुणीतरी चहाचं बघते म्हणून उठलं आणि परत बसलं. शेवटी प्राचीच म्हणाली, पंचाच्या आवाजात, "बाकी कुणाचंच आलेलं नाही. हे तर आलंय. टेक्निकली पूर्ण बरोबर."

"पक्क्या गोष्टी चालत नाहीत," मागचा तोच तिकिटंवाला आवाज.

"पक्कं नव्हतं," मावशी म्हणाली. "जूनपर्यंत जाईन म्हणत होते. बॅग उघडी ठेवली होती मी."

मी पटकन म्हणाले, "अजून उघडीच आहे. आत छत्री आहे." माझ्या तीन दिवसांच्या तपासातली ही एकच गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडली.

मावशीचं भाकीत धरायचं का, यावर हात वर करून मतं घेतली. तिकिटंवाल्यानं सगळ्यांत शेवटी, पण केला. देशमुखकाकांचं वडीलधारं बोट मात्र काढून घेण्यात आलं. यंदाच्या कणकेवर बोट माझं उठलं, कारण कणीक मी मळली होती. एक चिठ्ठी मीही टाकली. काय लिहिलं ते वर्षभर सांगायचं नसतं.

परत. बसमध्ये हीटर भट्टी होता. जर्सी सिटीत दादानं विचारलं, "मग, विमा निघाला का साबण?" मी म्हटलं, कणीक. संशय घ्यायची सवय काही गेली नाही. मावशी नवऱ्याला सांगणारच नाही, ऐन वेळी कॅन्सल करील, असंही मी धरून चालले होते. देशमुखकाकांचं ते "चुपचाप" अजून आठवतं. त्यांनी चोरी केली ती केलीच, पण चोरीचा माल स्वतःकडे न ठेवणारा चोर मी पहिल्यांदा बघितला, आणि तो माल परत करणारी मावशीही.

मेमध्ये मावशीचा फोटो आला. रंगमंचाचा नाही, पडद्याचाही नाही. लाल मखमलीची एक रिकामी खुर्ची, खाली एवढंच: "मध्यंतरात उठले तेव्हा काढला."

मी झूम करून बघितलं, खरंच लंडन आहे ना म्हणून. खुर्चीच्या हातावर चॉकलेटी शाल होती.