समोरच्या काकूंचा अर्ज

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर नायगावचं. तिकडच्या पोरी ऐकून घेत नाहीत, असं सासरी मला पहिल्याच वर्षी सुनावलं गेलं आणि ते काही खोटं नाही. सासर लातूर जिल्ह्यातल्या एका किल्ल्याच्या गावात, किल्ल्याच्या दरवाजाकडे जाणाऱ्या गल्लीत. वाडाबिडा काही नाही, दगडमातीच्या तीन खोल्या. पण गल्ली जुनी, म्हणून गल्लीकडच्या भिंतीला हात लावायचा तर नगरपालिकेच्या समितीची परवानगी लागते. घर आमचं, भिंत आमची, आणि तोंड मात्र सरकारचं.

गेल्या वर्षी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला. डावी बाजू गेली. उभा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काढलेला माणूस. चार लोकांशी बोलल्याशिवाय घास उतरत नसे, ते आता पुढच्या खोलीत खाटेवर पडून कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. दारच्या पायऱ्या उंच, मामांना उचलून बाहेर नेणं माझ्याच्यानं होईना. हळूहळू त्यांनी जेवण टाकलं. दोन चमचे पेज घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण यांना उजेड दिसू द्या, माणसं दिसू द्या. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला त्याची भयंकर भीती वाटत होती. त्याच दिवशी ठरवलं, या भिंतीला खिडकी पाहिजे.

अर्ज केला. नगरपालिकेतले इंजिनिअर भले गृहस्थ, पण नियमाला पक्के.

"ताई, या गल्लीत रस्त्याकडच्या भिंतीला नवीन खिडकी पाडता येत न्हाई. जुनी असती, तर तशीच्या तशी परत बसवायला समिती हाव म्हणली असती. जुनी व्हती, असा काही पुरावा हाय का?"

मी घरी आले आणि मामांसमोर सगळा राग ओकला. ते भिंतीकडे बघत सावकाश म्हणाले, "व्हती की. मीच बुजवली."

इतकी वर्षं या घरात नांदते, पण कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं! मग थांबत थांबत गोष्ट बाहेर आली. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी तिथं खिडकी होती. समोरच्या काकू तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, आणि त्यांच्या अंगणातली न्हाणी नेमकी आमच्या खिडकीसमोर. काकूंनी नगरपालिकेत तक्रार दिली. मामांनी रागाच्या भरात एका दिवसात खिडकी विटांनी बुजवली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद.

"मग काकूंनाच विचारते," मी म्हटलं.

"बिलकूल न्हाई. अन् मी माझ्या मनानं बुजवली. कुणाच्या अर्जाफिर्जानं न्हाई."

लकव्यानं अर्धं अंग नेलं, पण ताठा शाबूत होता.

मी आतून गिलावा खरवडून इंजिनिअरना विटा दाखवल्या. ते म्हणाले, "विटा दिसल्या ताई, पण खिडकी व्हती का कोनाडा, अन् केवढी व्हती, हे कागदावर पायजे." नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात काही सापडलं नाही. घरात फोटोही नव्हता. शेवटी एका दुपारी मामांचा डोळा लागला तशी मी गल्ली ओलांडली.

काकू सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. गोड बोलायचं असं घोकून गेले होते. पण खरं सांगते, मुद्दामच काडी टाकली. "काकू, मामा म्हणतात, खिडकी त्यांनी स्वतःच्या मनानं बुजवली. तुमच्या अर्जानं नाही."

"मनानं?" काकूंनी सूप आदळलं. "त्या माणसानं मनानं कधी खिळा तरी ठोकला का? थांब!"

आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. काकूंनी फडक्यात बांधलेला कागद आणून माझ्यासमोर धरला. त्यांच्या यजमानांच्या हातचा अर्ज, खाली अर्ज मिळाल्याचा नगरपालिकेचा गोल शिक्का. माणूस आता हयात नाही, पण काम नेटकं करून गेलेला. गल्लीकडची खिडकी, दोन फूट रुंद, तीन फूट उंच, सागवानी चौकट, पाच उभे गज. मी हात पुढे केला. काकूंनी कागद छातीशी धरला.

"कशाला पायजे तुला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. मामा जेवत नाहीत, भिंतीकडे बघत पडून राहतात, हे सांगताना मला रडू फुटलं. काकूंनी अंगणाकडे पाहिलं. अंगणातली न्हाणी केव्हाच गेली होती, आता आत फरशीचं बाथरूम होतं.

"मी तवा चुकले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हताच चुकल्या. मी असते तर अर्ज केला नसता, दगड मारला असता."

काकू खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, "कागद तुझ्या हातात देणार न्हाई. मीच येते."

समितीच्या बैठकीला काकू ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. कागद वाचून अध्यक्ष चक्रावले. "काकू, बंद करा म्हणून तक्रार तुमची, अन् आता उघडा म्हणून पण तुम्हीच?"

"तवा माझं ऐकलं न्हवं? मग आताबी ऐका."

इंजिनिअरनी तोंडावर रुमाल धरला. मंजुरी तिथल्या तिथे झाली. माप तेच, सागवान तेच, गज पाच, अॅल्युमिनियम चालणार नाही. मला तर नगरपालिकेच्या दारात हलगी लावून नाचावंसं वाटलं. काकूंचा हात धरून मी भर बाजारातून मिरवत घरी आले.

गज बसले त्या सकाळी मामांना दोन उशा लावून बसवलं. ऊन थेट त्यांच्या गोधडीवर आलं. भाजीचा गाडा गेला, शेळ्या गेल्या, शाळेच्या पोरी गेल्या. मामा एकेकाला डोळे भरून बघत होते. तेवढ्यात समोरच्या दारात काकू आल्या.

"अर्ज तुमचा व्हता," मामा म्हणाले.

"व्हता. अन् त्याच्याच भेवानं तुम्ही खिडकी बुजवली."

मामांनी वाकडं झालेलं तोंड कसंबसं सरळ केलं आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हाव. त्याच अर्जानं बुजवली."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग एकदम फटकारून विचारलं, "जेवलाव का?"

"कुठलं? ही सून सकाळपासून नुसती बसवून ठेवून राहिली." मामा माझ्याकडे वळले. "पेज नको. भाकर आण."

वरणात चुरलेली अख्खी भाकरी त्यांनी खिडकीकडे तोंड करून खाल्ली, आणि घासागणिक थांबून काकूंशी भांडत राहिले.