बोटीवर अण्णा कोण होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रेखाला, माझ्या बायकोलाही नाही. आता सांगायला बसलोय, तर तोंड आतून कडू झालंय.

गेल्या वर्षी आम्ही बँकॉकला गेलो — मी, रेखा, आमची लहानगी छकुली आणि पिशोरला राहणारे माझे वडील, अण्णा. दिवसभर देवळं पाहिली. संध्याकाळी नदीवरच्या बोटीत जेवण आणि तिकडचं जुनं संगीत. बसतो न बसतो तोच दिसलं, शेजारच्या टेबलावर आमचे नवे साहेब आणि त्यांच्या बाई. चितेगावच्या कंपनीतली माझी बढती त्यांच्याच हातात. मग काय — अण्णांचं सगळंच खुपायला लागलं. नारळाच्या रश्श्यात भात कालवून ते भुरके मारत होते. मिशीवरून रस्सा ओघळत होता. मला शिसारी आली. कुणाची? बापाची.

समोर एक म्हातारा लाकडी पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवत होता. अण्णांनी गावच्या भजनात उभा जन्म मृदंग वाजवलेला. जेवायचे थांबले, डोळे पुसले. मग पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. आमच्याकडं माणसाचा मान करायचा तर टॉवेल-टोपीनंच. निघतानाच म्हणाले होते, "परमुलखात कुणी जीव लावला तर रिकाम्या हातानं कसं यावं?" ते उठले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी घातली. तिकडं दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नाहीत म्हणे. वाढपी धावले. म्हातारा मात्र हात जोडून हसला आणि टोपी घालूनच वाजवत राहिला. लोक मोबाइल काढून हसत होते.

साहेबांच्या बाई माझ्याकडं वळल्या. "तुमच्याबरोबर आहेत ना हे? कोण हो?"

रेखा छकुलीला घेऊन कठड्याशी होती. ऐकायला कोण होतं? मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. मुलीला सांभाळायला आणलंय."

अण्णा परत येऊन माझ्या पाठीशीच उभे होते.

चारचौघांत मुस्काटात मारली असती तर — पण नाही. ते बाईंना म्हणाले, "व्हय ताई. पोरीला म्याच सांभाळतो." मग कठड्याशी जाऊन त्यांनी छकुलीला कडेवर घेतलं आणि बोट काठाला लागेपर्यंत टेबलाकडं फिरकले नाहीत. मी उठलो का? नाही. ताटातली कोळंबी संपवली — चवीनं संपवली. तुम्हाला किळस येत असेल तर येऊ द्या.

बढती मिळाली. परवा साहेब आणि बाई आमच्याकडं चहाला आले. अण्णा गावाहून आलेलेच होते. बेल वाजताच ते आपणहून उठले, छकुलीला घेतलं आणि मान खाली घालून पाहुण्यांच्या बाजूनं जिना उतरले. रेखाला वाटतं, आजोबांना नातीचा फार लळा.

ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अजून आहेत का ते तुमच्याकडं? हल्ली अशी माणसं मिळत नाहीत हो."

"नाहीच मिळत," मी म्हणालो आणि बिस्किटांची बशी त्यांच्यापुढं सरकवली.