नरहररावांच्या वजनाची सायकल

दूध उतू जायच्या बेतात होतं, मटार सोलून झाले होते आणि घरात रोजची चर्चा चालली होती. बनारसी माणूस पोहे तुपात परतून मटार घालून खातो, आम्ही कांदेपोहे खातो, आणि लग्नापासून आजवर आमच्या घरात दोन्ही पक्षांपैकी कुणीच हरलेलं नाही. "आज चूडा-मटर," हे न्हाणीघरातून ओरडले. तेवढ्यात दारावर धडक बसली. थाप नव्हे, धडक.

गॅस बारीक करून दार उघडलं, तर आधी एक जाडजूड चाक आत आलं, मग हँडल, आणि त्यामागे खांद्याला पूजेची पिशवी लावलेले यज्ञेश्वर गुरुजी. दोन्ही हात सायकलीत गुंतलेले, म्हणून त्यांनी पुढच्या चाकानंच दार वाजवलं होतं.

"वहिनी, तुम्ही बी.एस्सी. ना?"

"हो, फिजिक्स. पण फार जुनी गोष्ट आहे, गुरुजी."

"जुनी चालेल. या सायकलीला काय झालंय ते बघा. आमच्या घरी शरदिनीनं आजची मुदत दिलीय. संध्याकाळी कबाडीवाल्याला बोलावते म्हणाली." एवढं बोलून ते कमरेला हात लावून हळूच ओसरीच्या कडेला टेकले. बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो पूर्वी त्यांच्या वडिलांचा असायचा.

बनारसमध्ये पानवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळेच एकमेकांचे गुरू. पण 'गुरुजी' म्हणावं असं आम्हा मराठी घरांना हे एकच माणूस. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. पन्नाशी ओलांडली, अंगानं काटकुळे, आणि धोतर साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पोटरीशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंची वाट बघणं त्यांना कधी जमलं नाही. शहरभर विखुरलेली मराठी घरं, म्हणजे रेल्वे कॉलनीतली, विद्यापीठातली, बँकेच्या बदलीवर आलेली, या माणसानं सायकलवरून जोडून ठेवली. कुणाची वास्तुशांत, कुणाचं बारसं, कुणाच्या आईचं श्राद्ध. मेहुण्यानं स्कूटर देऊ केली होती, ती त्यांनी परत केली. म्हणाले, इंजिन लागलं की मला माझंच ऐकू येत नाही.

त्यात खरं कारण होतं. त्यांचा पाठ सायकलवर चालतो. जाताना एक अध्याय, येताना दुसरा. घरी पाटावर बसून म्हणायला घेतलं तर अडखळतात. "पाय फिरले की जीभ फिरते," असं ते म्हणतात. म्हणून गेल्या वर्षी कंबर धरली आणि डॉक्टरांनी धक्के बंद करा असं बजावलं, तेव्हा ते जरा जास्तच गप्प झाले. आमच्या गल्ल्यांतल्या दगडी फरशा तुम्ही पाहिल्या असतील. जुन्या सायकलीवर त्यातली प्रत्येक फरशी त्यांच्या मणक्यात मोजली जायची.

मग पितृपक्षात सप्तमीला पुण्याहून रोहन आला, वडिलांच्या श्राद्धासाठी. वडील नरहरराव, उतारवयात डोंगरात सायकल चालवायचा नाद लागलेले. शय्यादान झालं, छत्री झाली, चपला झाल्या, आणि शेवटी त्या पोरानं वडिलांची सायकल पुढे केली. पुण्याहून रेल्वेत बांधून आणलेली. जाड टायर, आणि सीटखाली चौकटीत आडवा बसवलेला एक चकचकीत शॉकर. इथले मेकॅनिक स्कूटरच्या धक्के खाणाऱ्या नळीला शॉकरच म्हणतात, तसाच, फक्त आत स्प्रिंगऐवजी हवा. "काका, मागचं चाक धक्का गिळतं. तुमच्या कमरेला बरं," असं रोहन म्हणाला आणि त्याच रात्रीच्या गाडीनं गेला. गुरुजी आठवडाभर हसत होते. गोदान ऐकलं होतं, सायकलदान पहिलंच.

आणि तरी कंबर जास्त दुखू लागली. दिवाळीनंतर दोनदा अंथरूण धरलं. शरदिनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं: जी सायकल धक्का गिळते म्हणून घेतली तिनंच नवऱ्याला पाडलं, तर ती घरात कशाला?

मी सीटवर दोन्ही हातांनी भार टाकला. हललीसुद्धा नाही. पाट्यावर दाबावं तसं.

"गुरुजी, ही कधी खाली बसते का?"

"म्हणजे?"

"तुम्ही बसलात की थोडी दबते का? सोफ्यासारखी?"

"नाही. देवळाच्या पायरीसारखी आहे," ते म्हणाले.

मी वाकून शॉकर बघितला. त्याच्या गुळगुळीत दांड्यावर हळदी-कुंकवाची बोटं आणि त्याखाली वाळलेल्या अक्षता चिकटलेल्या. खंडेनवमीला शरदिनीनं सायकलीची यथासांग पूजा केली होती आणि सगळ्यात चमकणारी जागा शोधून तिथेच कुंकू लावलं होतं. मी मऊ फडकं आणलं आणि दांडा हलक्या हातानं पुसून घेतला. दांड्यावर एक काळी रबरी रिंग होती, बांगडीएवढी नाही, अंगठीएवढी. ती जागची हलली नव्हती.

रोहनला फोन लावला. तो ऑफिसला निघाला होता, पण आनंदानं थांबला. मी स्पीकर चालू केला.

"काकू, आधी सांगा, हवा किती ठेवलीय?"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी घाटाकडे बघू लागले.

"गुरुजी, हवा बघितली का?" मी विचारलं.

"हवेला मी हात लावलेला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे बाबांच्या वेळेचीच आहे?" फोनवर रोहनचा आवाज बदलला. "काका, बाबा नव्वदच्या पुढे होते. ती त्यांच्या वजनाची हवा आहे. तुम्ही तर…"

"बासष्ट," गुरुजी म्हणाले. "जेवल्यावर."

एवढीच गंमत होती. नव्वद किलोच्या माणसासाठी भरलेल्या हवेवर बासष्ट किलोचा माणूस बसला तर ती कशाला दबेल? नळी दगडासारखी उभी, आणि फरशीचा धक्का सरळ कमरेत. पण हवा भरायची खास पंपाची पिशवी रोहननं दिलेली असताना ती इतके दिवस उघडली का नाही, हे मला कळेना. गुरुजी आळशी नाहीत.

"काका, पंप आहे ना?"

"आहे. दानाच्या छत्रीशेजारी ठेवलाय." मग ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दानात आलेली वस्तू आली तशी वापरावी. मृताच्या नावानं दिलेली आहे. ती वापरली की त्याला पोचते म्हणतात. मी त्यांची हवा काढून टाकायची, तर त्यांना काय पोचणार?"

हे पंचा गुंडाळून मागे येऊन उभे राहिले.

"मग दानाच्या चपला कुणाच्या पायाच्या होत्या?" मी विचारलं.

"दुकानातल्या. मला थोड्या मोठ्या झाल्या."

"मग?"

"पट्टा आवळून घेतला."

"तो चालला?"

"चपलांचं वेगळं, वहिनी. त्या नव्या होत्या. ही त्यांची रोजची होती."

मग मला त्या दिवशीची आठवण झाली. मी तिथेच होते, पानं वाढायला. संकल्प सांगताना रोहनला 'न मम' म्हणायचं होतं, हे माझं नाही. तो दर वेळी 'नमन' म्हणायचा, आणि गुरुजींनी त्याच्याकडून ते घोटून घेतलं होतं, अगदी मास्तरासारखं.

"गुरुजी, त्या दिवशी या पोराकडून 'न मम' किती वेळा म्हणवून घेतलंत?"

"नीट म्हणेपर्यंत."

"नीट म्हटलं ना शेवटी?"

"म्हटलं."

"मग ती आता कुणाची?"

गुरुजींनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला. इतकी वर्षं दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेला शब्द आपल्यापाशी येऊन उभा राहिला की माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलं. फोनमधून रोहन म्हणाला, "काका, बाबा स्वतः हवा बदलायचे. दिवाळीचा फराळ झाला की वाढवायचे आणि उन्हाळ्यात कमी करायचे. सोडा तुम्ही."

"पंप आणतो," गुरुजी म्हणाले आणि उठले.

पंप छोटाच, पण त्याला घड्याळासारखी तबकडी. शॉकरच्या तोंडावर तो फिरवून बसवला तर काटा दोनशेच्या पुढे गेला. पंपाच्या मानेपाशी एक बटण असतं, ते दाबलं की हवा सुटते. रोहननं बजावलं, थोडी थोडी सोडा, आणि शॉकरचा हवेचा डबा स्वतः कधीही उघडू नका, आत फार जोर असतो, ते काम दुकानातलं. गुरुजींनी बटणावर अंगठा ठेवला. फुस्स. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. हवा पुन्हा थोडी सोडली, मग सीट दाबून बघितली, मग परत थोडी. आता ती दबू लागली.

"आता बसवा त्यांना," रोहन म्हणाला. "भिंतीला हात टेकून. उडी मारून नाही, हळू. पाय पेडलवर. आधी ती रिंग हवेच्या डब्याला टेकवून ठेवा. ते तसेच हळू उतरले की रिंग दांड्यावर किती सरकली ते मोजा. दांड्याच्या चौथाईपेक्षा जास्त, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी सरकायला हवी."

शिवणाची टेप घेऊन मी जमिनीवर बसले. यांनी पुढचं चाक धरलं. गुरुजी चढले, कोपर भिंतीला लावून बसले आणि उतरले. दारासमोरून दूधवाला चालला होता, तो थांबला. "का गुरू, रॉकेट बनत बा का?"

"तू दूध में पानी नाप, हम हवा नापत हईं," गुरुजी म्हणाले. कंबर दुखत असली तरी बनारस सुटत नाही.

रिंग चौथाईच्या जरा पुढे आली. मी समाधानानं टेप गुंडाळायला लागले आणि माझी नजर ओसरीवर गेली. तिथे त्यांची पूजेची पिशवी होती. पोथ्या, तांब्याचं ताम्हन, पळी-पंचपात्र, वर गंगेच्या पाण्याचा कॅन.

"गुरुजी, ही खाली का?"

"सोवळ्यातली आहे, मोजमापात कशाला?"

"तुम्ही तिच्याशिवाय कधी सायकलवर बसलाय?"

ते हसले आणि पिशवी खांद्याला लावून पुन्हा चढले. रिंग पार पुढे गेली, अर्ध्याच्या जवळ. थोडी हवा परत भरावी लागली. मग आणखी एकदा बसणं, उतरणं, टेप. तिसऱ्या खेपेला जमलं.

तरी एक राहिलंच. गुरुजी उतरले की सायकल मागाहून सावकाश वर यायची, झोपमोड झालेल्या माणसासारखी. रोहननं विचारलं, "लाल चकती दिसते? एका बाजूला ससा, एका बाजूला कासव?" होती. "बाबांच्या जोरासाठी ती कासवाकडे आहे. सशाकडे थोडी फिरवा. पण फार नाही, नाहीतर खड्ड्यातून घोड्यासारखी उडवेल." एकेक टिचकी फिरवत गेलो, आणि एकदा ती दबून एका दमात वर आली, पुन्हा उसळली नाही, तेव्हा थांबलो. शेवटी त्यानं शॉकरच्या दोन्ही टोकांचे बोल्ट किल्लीनं तपासायला लावले, सीट धरून सायकल उचलून आत खटखट ऐकू येतं का ते ऐकायला लावलं, दांड्यापाशी तेल पाझरत नाही ना ते बोट फिरवून बघायला लावलं आणि ब्रेक दाबून सायकल ढकलायला लावली. आवाज नव्हता, तेल नव्हतं, ब्रेक धरत होते. "महिन्यातून एकदा हे सगळं परत बघा," असं म्हणून तो ऑफिसला गेला. जाता जाता म्हणाला, "काका, बरं वाटलं."

एवढ्यात शरदिनी आली. तिला दूधवाल्यानं सांगितलं असणार.

"झालं का विमान तयार?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पद्माताई, तुम्ही तरी त्यांना समजवायचं सोडून टेप घेऊन बसलात?"

"एकदा चालवू दे. मग तूच ठरव," मी म्हटलं.

"ठरवलेलंच आहे. अहो, कळ आली की तिथेच उतरायचं. गल्लीच्या टोकापासून चालत यायचं."

गुरुजी चिमटा नीट लावून निघाले. आम्ही तिघं दारात उभे. त्यांची पिशवी ही आमच्या गल्लीची घंटा. ताम्हन, पळी आणि पंचपात्राचा असा खडखडाट की माणूस दोन वळणं मागे असतानाच कळतं, गुरुजी आले. शरदिनी त्याच आवाजावर चहाचं आधण ठेवते. ती कान देऊन उभी राहिली.

एका वळणापर्यंत ऐकू आलं ते पुटपुटणं. पाठ सुरू झाला होता. भांडी वाजत होती, पण देवघरात वाजतात तशी, हलकी, एखादीच. मग आवाज लांब गेला आणि बराच वेळ काहीच आलं नाही. शरदिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ते परत आले तेव्हा ती वळणाकडे बघत असूनही दचकली. समोर येईपर्यंत तिला ऐकू आलं नव्हतं.

"उतरलात का कुठे?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"अध्याय पुरा झाला," गुरुजी म्हणाले. "मध्ये थांबलो नाही."

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कमरेकडे, मग त्या शॉकरकडे. "कबाडीवाला तसाही लबाडच आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पुन्हा अंथरूण धरलंत तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

"नको ऐकूस. पुढच्या वेळी कुंकू हँडलला लाव म्हणजे झालं."

मी चूडा-मटर वाढला, कांदेपोह्यांचा प्रश्न उद्यावर गेला. खाऊन झाल्यावर गुरुजींनी पंप पिशवीत घातला, शॉकर एकदा पुसला आणि सायकल दारात नेऊन थांबले.

"वहिनी, एक मागतो," ते म्हणाले. "दर वद्य सप्तमीला, नरहररावांच्या तिथीला, थोडा वेळ तुमची ही भिंत आणि टेप मला द्या. मी बसेन, तुम्ही रिंग बघा."