दाजींनी झोपवलेला मासा

आमच्या दाजींएवढा भित्रा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि ज्या गावात शेंबडं पोरसुद्धा भर रस्त्यात म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला सारतं, त्या गावात हे विधान करताना मला जराही संकोच वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पेशाने दातांचे डॉक्टर. मी बी.एड. करायला म्हणून त्यांच्या घरी राहायला आले आणि शाळेत नोकरी लागल्यावरही तिथंच राहिले, त्यामुळे त्यांच्या भीतीचे सगळे प्रकार मला जवळून पाहायला मिळाले. त्यांना कुत्र्याची भीती वाटे, स्टोव्हची वाटे, शिडीची वाटे, दाराशी आलेल्या तारवाल्याची तर इतकी वाटे की तार अक्कानंच फोडायची आणि ‘सगळे सुखरूप’ असं आधी ओरडून मगच पुढचं वाचायचं, असा घरातला नियम होता. पण सगळ्यांवर ताण म्हणजे पाणी. रंकाळ्यावर फिरायला गेलो की ते कठड्यापासून चार हात लांबून चालत आणि आम्हालाही तसंच चालायला लावत. "पाणी वरून दिसतं तेवढंच नसतं," असं ते गंभीरपणे सांगत. घरात अंघोळीलासुद्धा ते बादली अर्धीच भरून घेत. अक्का म्हणायची, यांना तांब्यातसुद्धा भोवरा दिसतो.

असा माणूस लोकांचे दात कसे उपटत असेल, हा प्रश्न सगळ्यांना पडे. शाहूपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात पेशंट जेवढा घाबरलेला असे, त्याहून दाजी जास्त घाबरलेले असत. एकदा तालमीतला एक धिप्पाड पैलवान दाढ दुखते म्हणून आला. सुई बघून त्याचे पाय लटपटायला लागले, ते बघून दाजींचे हात थरथरायला लागले, आणि मग दोघंही समोरासमोर बसून बराच वेळ घाम पुसत राहिले. शेवटी पैलवानालाच दया आली. "काढा डॉक्टर, मी न्हाय भीत," असं तोच म्हणाला. पण गंमत अशी, की त्या पैलवानाला दाढ निघालेली कळलीसुद्धा नाही. दाजींना दुसऱ्याच्या दुखण्याची एवढी धास्ती होती, की सुई टोचायच्या आधी ते हिरडीवर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसत, पुन्हा पुन्हा विचारत, बधिर झालं का, नक्की झालं का, आणि पेशंट कंटाळून हो म्हणाला तरी आणखी थोडा वेळ थांबत. त्यांच्या दवाखान्यात कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. लवंगेचा वास मात्र त्यांच्या सदऱ्याला, उशीला, पेपराला, सगळ्याला येई. अक्कानं मसालेभात करायचा सोडूनच दिला होता. कुठल्याही दिवशी घरात तो केल्यासारखाच वास असायचा.

मासे दवाखान्यात आले तेही भीतीपायीच. एका डॉक्टर मित्रानं त्यांना सांगितलं, की काचेच्या पेटीत मासे ठेव, बघून पेशंटचं मन शांत होतं. पेटी आली, लाल-सोनेरी मासे आले, पेशंट शांत झाले आणि दाजींची झोप उडाली. आता त्यांना माशांची काळजी. पेटी धुवायची म्हणजे मासे जाळीनं बाहेर काढायचे, ते तडफडायचे. एकदा एकाचा पर फाटला, तर दाजी दुपारी जेवले नाहीत. अशाच एका धुण्याच्या वेळी मासा तात्पुरता मगमध्ये ठेवला होता आणि दाजींच्या हातातला तेलाचा बोळा त्यात पडला. मासा जरा गरगरला, कलंडला आणि आडवा झाला. दाजी मटकन खुर्चीत बसले, तेही पेशंटच्या. मी तेव्हा मदतीला होते; तो मग उचलून मीच मासा स्वच्छ पाण्याच्या बादलीत ओतला. थोड्या वेळानं त्याचे कल्ले हलायला लागले, मग शेपटी, आणि मग तो काही झालंच नाही असा फिरायला लागला. दाजी खुर्चीतून उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीतीखेरीज दुसरं काहीतरी पाहिलं. "अगं शालन," ते हळू आवाजात म्हणाले, "याला दुखलं नाही."

त्यानंतर कितीतरी महिने ते या नादात होते. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते आधी स्पिरिटमध्ये घोळायचं हे त्यांनी शोधलं. थेंब वाढवला की मासा किती लवकर झोपतो, कमी केला की कसा नुसता सुस्तावतो, हे ते श्वास रोखून बघत. मध्येच एकदा निलगिरीच्या तेलाचा प्रयोग केला, तर मासा उसळ्या मारायला लागला; दाजींनी घाईघाईनं त्याला बाहेर काढलं, त्याची हात जोडून माफी मागितली आणि निलगिरीची बाटली अक्काच्या हवाली केली. ओव्याचं, पुदिन्याचं तेल त्यांनी नुसतं हुंगून परत ठेवलं. लवंग ती लवंग, असं त्यांचं मत झालं. प्रत्येक वेळी मासा कलंडला की त्यांचा रंग उडे आणि तो परत पोहायला लागला की ते देवाला नमस्कार करत. अक्का म्हणाली, एवढी भीती वाटते तर करता कशाला? त्यावर दाजी पुढचे थेंब मोजायला लागले.

दस्तगीरभाई आले ते या दिवसांतच. राधानगरीच्या वाटेवर नदीकाठी एक गाव आहे, तिथले हे कल्हईवाले. त्यांची दाढ दाजींनी काढली होती आणि तेव्हा त्यांनी पेटी धुताना मासे झोपवण्याचा सगळा प्रकार बघितला होता. त्या दिवशी ते आले ते दात दाखवायला नव्हे. खुर्चीत न बसता दाराशीच उभे राहिले. त्यांच्या गावाला देवीच्या देवळाखाली डोह आहे, त्यातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. त्यातला सगळ्यात थोरला, पुरुषभर लांबीचा म्हणतात तो, कडेला येऊन पडला होता. त्याच्या तोंडातून तार लोंबत होती. कुणीतरी चोरून गळ टाकला होता, मासा तार तोडून निसटला होता आणि गळ घशात राहिला होता. तो खात नव्हता, खोल जात नव्हता. आणि गावात कुजबूज सुरू झाली होती, की डोहाच्या सगळ्यात जवळ घर कुणाचं, तर दस्तगीरचं.

"पिढ्या गेल्या आमच्या त्या काठावर," ते म्हणाले. "माझा बा त्या माशास्नी चुरमुरं टाकायचा. आता माझ्या बायकूला पाणवठ्यावर कोण बोलंना. मासा मेला तर आमचं तिथं काय खरं न्हाय, डॉक्टरसाहेब."

 दाजींनी हातातला चिमटा उगाचच पुन्हा पुसला.  मला वाटलं, आता ते एखाद्या जनावरांच्या डॉक्टरचं नाव सांगतील. ते म्हणाले, "उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे?"

अक्कानं मला बरोबर पाठवलं, कारण हा माणूस वाटेतच उतरून परत येईल अशी तिची खात्री होती. एसटीत दाजी मागच्या लांब बाकावर मधोमध बसले, दोन्ही खिडक्यांपासून सारख्या अंतरावर, मांडीवर औजारांची पेटी आणि तेलाची बाटली धोतरात गुंडाळलेली. वाटेत त्यांनी मला विचारलं, मासा उठला नाही तर काय होईल? मी म्हटलं, उठेल की. थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले.  दवाखान्यातल्या पेटीतला बोटाएवढा मासा वेगळा आणि देवीचा मासा वेगळा. तो दाजींच्या हातात मेला असता तर दोष नुसता दाजींवर आला नसता, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

डोहावर सगळं गाव जमलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कोल्हापूरकडची माणसं गप्प बसली की जास्त भीती वाटते. गावचे पोलीस पाटील, पांढऱ्या मिशांचे थोराड गृहस्थ, पुढं आले. त्यांनी आम्हाला पावणं म्हणून पाणी दिलं, पण डोळे दस्तगीरभाईंवर होते. गुऱ्हाळातली गुळाची काहील धुऊन काठावर आणली होती आणि नदीच्या पाण्यानं भरली होती. त्या काळ्या रुंद कढईकडे बघून दाजींच्या कपाळावर घाम आला, कारण एवढ्या पाण्याला तेल किती, हे त्यांना माहीत नव्हतं. चौघांनी धोतराच्या झोळीत मासा धरून आणला. पुरुषभर नव्हता, पण माझ्या कमरेपर्यंत आला असता एवढा होता. सोनेरी खवले, प्रत्येक रुपयाएवढा. तोंडातून गंजलेली तार.

दाजींनी स्पिरिटमध्ये घोळलेलं तेल थोडं थोडं ओतायला सुरुवात केली. ओतायचं, थांबायचं, कल्ल्यांकडे बघायचं. मासा आधी शेपटी आपटत होता, मग मंदावला, मग एका कुशीवर कलंडला. एक म्हातारी रडायला लागली. पाटील म्हणाले, "मेला व्हय?" दाजी म्हणाले, "झोपलाय." मग त्यांनी गुडघे टेकले आणि माशाच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. जबड्यात दात नव्हते. आत, पार घशाशी, होते, आणि गळ त्यांच्याच मुळाशी रुतला होता. दाजींनी पक्कडीनं गळाचं टोक आधी कापलं आणि मग तो उलटा फिरवून हळूच सोडवला. तेवढा वेळ त्यांचा हात अजिबात थरथरला नाही. रक्त आलं ते थोडंच. लोकांनी निःश्वास सोडला.

पण मासा उठला नाही. त्याला झोळीतून परत डोहाच्या कडेला सोडलं, तर तो पोट वर करून तरंगायला लागला. कल्ले बंद. मी दस्तगीरभाईंकडे बघितलं. ते बायको-मुलांच्या पुढं येऊन उभे राहिले होते, दोन्ही हात मागं नेऊन, जणू त्यांना लपवत होते. मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. पाटलांनी विचारलं, "आता काय, डॉक्टर?"

आणि दाजी पाण्यात उतरले. चप्पल काढायचं भान नव्हतं. त्यांनी माशाला दोन्ही हातांवर सरळ धरलं आणि डोहाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी धावतं, तिकडं चालायला लागले. माशाचं तोंड प्रवाहाकडे, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडावं. ते गुडघ्यापर्यंत गेले, मांड्यांपर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. प्रत्येक पावलागणिक त्यांचं तोंड भीतीनं वेडंवाकडं होत होतं. ते काहीतरी बोलत होते. मी काठाकाठानं चालत होते म्हणून मला ऐकू आलं. दवाखान्यात पेशंटशी बोलत तेच ते माशाशी बोलत होते. "झालं हं. झालंच आता. दुखत नाही ना?" पाणी छातीला लागलं तेव्हा मी हाक मारली, पण त्यांनी वळून बघितलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग कल्ला एकदा उघडला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उघडला. दाजी तसेच चालत राहिले. शेवटी माशानं शेपटीचा एक फटका असा मारला की दाजी मागं कोसळले, नाकातोंडात पाणी गेलं आणि मासा खाली, हिरव्या अंधारात, दिसेनासा झाला.

दस्तगीरभाईंनीच उडी मारून दाजींना काठावर ओढलं. दाजींचे दातांवर दात वाजत होते. पाटलांनी आपलं कांबळं आणून त्यांच्या अंगावर टाकलं. मग तसेच निथळत उभ्या असलेल्या दस्तगीरभाईंकडे वळून पाटील म्हणाले, "तूबी घे की आत. मावतंय दोघांला." एवढंच. पण दस्तगीरभाई त्या कांबळ्यात शिरले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळानं एका बाईनं त्यांच्या बायकोला चहाची किटली आणायला हाक मारली.

परतीच्या गाडीत मी दाजींना विचारलं, भीती नाही वाटली? ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. "वाटत होती की," ते म्हणाले. "अजून वाटतीये. अक्काला पाण्याचं सांगू नकोस." मी सांगितलं नाही, पण त्या ओल्या धोतराचं स्पष्टीकरण म्हणून त्यांनी जी गोष्ट रचली, त्यात त्यांच्यामागं एक कुत्रं लागलं होतं.

ते धीट वगैरे झाले नाहीत. रंकाळ्याच्या कठड्यापासून चार हात लांबूनच चालत राहिले. पुढं माझी बदली गडहिंग्लजला झाली. मी दर शनिवारी कोल्हापूरला येत असे, आणि गाडी कितीही उशिरा येवो, स्टँडवर दाजी उभे असत. घाटात दरड कोसळली असेल, ड्रायव्हरला डुलकी लागली असेल, असं सगळं त्यांच्या मनात होऊन गेलेलं असे. मी उतरले की ते माझी पिशवी घेत आणि न बोलता पुढं चालायला लागत. मला त्याचा राग यायचा. चाळिशीला आलेल्या मास्तरणीला घ्यायला कुणीतरी येतं, याची लाज वाटायची, आणि मी तसं एकदोनदा त्यांना बोललेही होते.

ते गेल्यानंतरच्या शनिवारी मी नेहमीच्या गाडीनं आले. गाडी वेळेवर पोचली. सगळे उतरून आपापल्या वाटेनं गेले, कंडक्टरनं दार लावून घेतलं, आणि मी पिशवी पायाशी ठेवून तिथंच उभी होते. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "कुणी येणार हाय का न्यायला?" मी नाही म्हटलं, पण पिशवी उचलायला मला बराच वेळ लागला.