तांबूचे ढेकर आणि आमचे आतोबा

पृथ्वी तापत चालली आहे याची अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात कुणाला व्यक्तिशः लाज वाटली असेल, तर ती एकट्या आमच्या आतोबांना. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन ते आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्याला लागून असलेल्या आपल्या घरी राहायला आले. पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर हा माणूस सरळ "मीठ घाल" म्हणेल? छे! "आमटीविरुद्ध तक्रार आहे," असं जाहीर करायचे आणि आत्या "मग अपील करा," म्हणत मिठाची वाटी पुढे सरकवायची. दारावरून जाणाऱ्या कोळणीची ते उलटतपासणी घेत. बांगडा ताजा असल्याचं तिच्याकडून शपथेवर वदवून घेत, आणि मग घेत काहीच नसत, कारण घरात मासे चालत नव्हते!

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास त्यांनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलं, की गुरं रवंथ करताना जे ढेकर देतात त्यांतल्या वायूमुळे हवा तापते. झालं! आतोबांनी चष्मा काढला आणि गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात तांबू होती. ही गाय आत्याची, वासरू असल्यापासून तिनंच वाढवलेली. आता वयानं दुधाला आटत आली होती. दुसऱ्या दिवसापासून आतोबांनी तिला ओवा, हिंग आणि सैंधव गुळात कालवून चारायला सुरुवात केली. मी एकदा स्कूटरवरून गेलो, तर स्वारी गोठ्यात स्टूल टाकून तांबूच्या तोंडाशी कान लावून बसलेली. "गप्प!" मला म्हणाले, "आरोपी रवंथ करते आहे." तेवढ्यात आरोपीनं असा काही दणदणीत ढेकर दिला, की आतोबा स्टुलासकट मागे सरकले. "हिंग कमी पडला," ते गंभीरपणे म्हणाले. आतून आत्या ओरडली, "माझ्या फोडणीला ठेवा हो थोडा!"

इथवर गंमत होती. मग गावात सड्यावर झाडं लावायची योजना आली. आमचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसात गवत माजतं आणि शिमग्यापर्यंत वाळून कोळ होतं. रोपं जगावीत म्हणून ग्रामसभेत चराईबंदीचा विषय निघाला, आणि आतोबा बाजूनं इतका वेळ बोलले की लोकांनी भुकेपोटी ठराव मंजूर केला. सड्यावर जनावर सोडायचं नाही, गवताला कोयतीसुद्धा लावायची नाही. अंमलबजावणी अर्थात स्वतःच्या घरापासून. तांबू गोठ्यात बंद झाली, आणि नुसत्या पेंढ्यावर तिला किती दिवस ठेवणार, म्हणून आतोबांनी निकाल दिला की पाडवा झाला की तिला घाटावर पाहुण्यांकडे धाडायचं. आत्या त्या रात्री जेवली नाही. घास आतोबांनाही उतरला नाही, पण दिलेला निकाल फिरवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

गवत छातीएवढं झालं. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं त्यात कुठे गडप झाली देव जाणे. कुवेतला नोकरी करून परतलेले शेजारचे हसनभाई रोज बांधावर उभं राहून त्या गवताकडे बघत. त्यांची हापूसची बाग आतोबांच्या घराला लागूनच होती. "काका, लक्षण बरं नाही हां," ते म्हणत. "कुणी विडी टाकली तर माझी बागही गेली आणि तुमचं घरही गेलं." आतोबा म्हणत, "शंकेवर निकाल देता येत नाही, हसनभाई."

शिमगा नुकताच झाला होता. मी जेवायला गेलो होतो, आतोबा वामकुक्षी करत होते, आणि हसनभाईंची हाक आली, "काका, वणवा!" गोणपाटं भिजवून आम्ही धावलो. सडा पेटला होता. ज्वाळा वाऱ्याबरोबर सरळ आमच्याकडे येत होत्या. पण बांधाच्या अलीकडे आल्यावर आग बसायला लागली. तिथल्या लांबलचक पट्ट्यात गवतच नव्हतं. होतं ते पार जमिनीलगत कुरतडलेलं. उरलेल्या ज्वाळा आम्ही गोणपाटांनी झोडपून विझवल्या. मग आतोबांना शेणाचे पो दिसले, आणि जमिनीत ठोकलेली एक खुंटी.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," मागून आत्या म्हणाली. "तुम्ही दुपारचे आडवे झालात की तांबूला आणून बांधायची. रोज थोडी पुढे. आज हा जेवायला आला म्हणून राहिलं."

"वणवा इथे थांबेल हे तुला माहीत होतं?"

"मला कसलं माहीत! तिला गोठ्यात करमत नव्हतं हो. पाडव्यानंतर जायचीच आहे, म्हटलं तोवर तरी पोटभर खाऊ दे." आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू आत्याला तिथेच फुटलं.

आतोबा घरी येऊन तडक गोठ्यात गेले, तांबूच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं हो आमचं." पुढच्या ग्रामसभेत त्यांनी स्वतःच उभं राहून स्वतःच्या ठरावाविरुद्ध भाषण केलं, आणि तेही तितकंच लांबलं. रोपांना कुंपण आणि बाकीच्या सड्यावर पाळीपाळीनं गुरं, असं ठरलं.

तांबू घाटावर गेली नाही. वामकुक्षी बंद झाली. दुपार कलली की ती दोघं तांबूला घेऊन सड्यावर जायची आणि समुद्राकडे तोंड करून बसायची. काही वर्षांनी तांबू म्हातारपणानं गेली. त्यानंतर मी एकदा गेलो, तर दोघं सड्याकडेच निघालेली. मी आतोबांना म्हटलं, "आता कशाला उन्हातान्हाचे जाता? गाय तर नाही."

"नाही ना," आतोबा म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "पण तुला सांगतो, उभ्या नोकरीत हिच्याशी एवढं बोलणं कधी झालंच नव्हतं रे."

आत्या पुढे चालली होती. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. पण चढ लागला तशी ती थांबली, आणि मागे न बघताच तिनं त्यांच्यासाठी हात मागे केला.