रशियाला न गेलेला माणूस

रशियातल्या प्रशिक्षणासाठी यांची निवड झाली तेव्हा भिलाईचा कारखाना अजून अर्धामुर्धाच उभा होता. आधी दुर्गला रेल्वेत साधे फिटर असलेले आमचे हे आता भट्टीचं काम शिकायला परदेशी जाणार होते! सासूबाईंनी नागपूरकडच्या साऱ्या नातलगांना कळवलं. मी गरम कोटाचं कापड आणलं. रविवारी चर्चच्या उपासनेत मंडळीने आमच्यासाठी देवाची उपकारस्तुती केली.

आणि जाण्याआधीच्या डॉक्टरी तपासणीत यांच्या फुफ्फुसावर डाग निघाला. क्षय. ना खोकला, ना ताप, धडधाकट माणूस. रशियाला जाणं तर राहिलंच, वर यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं. नळावर बायका आपली घागर माझ्या घागरीला लागू देईनात. मी उपासनेला जाणं सोडलं. लहानग्या पोरीला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसून देवालाच विचारायची, "द्याचंच नव्हतं, तं दाखोवलं कावून?"

सासूबाई गावी गेलेल्या असताना एके दिवशी दारात मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधली एक बाई उभी. वर्ध्याकडची, बौद्ध, आमची धड ओळखही नव्हती. म्हणाली, "पोरीले मायापाशी ठेव, बाई. तू जा, त्यायले भेटून ये."

"तुमाले भेव नाही वाटत?"

"माया भाऊ याच दुखण्यानं गेला," ती म्हणाली. "त्याच्यापाशी कोनी बसलं नव्हतं."

पोर तिच्या कडेवर देऊन मी गाडीत बसले. सॅनेटोरियमच्या म्हाताऱ्या बंगाली डॉक्टरांपुढे मला रडू फुटलं. एका डागापायी सगळं गेलं, म्हटलं. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "बहन, बीमारी अभी शुरू ही हुई है. यह फोटो न निकलती, तो खून आने पर ही पता चलता. तब बहुत देर हो जाती. रूस नहीं जाएगा, लेकिन जिएगा."

मी व्हरांड्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिले. रशियाला जायचं ठरलं नसतं, तर धडधाकट फिटरचा एक्स-रे कोणी काढला असता? जिला मी देवाची थट्टा समजत होते, त्याच निवडीनं माझा नवरा वाचवला होता. यांना भेटायच्या आधी मी डोळे मिटले. "प्रभू, पुढचं तुझ्या मनासारखं होऊ दे," एवढंच म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी काही न मागता प्रार्थना केली होती.

हे बरे झाले. रशियाहून परतलेल्या सोबत्यांनी यांना हाताला धरून काम शिकवलं, आणि भट्टीतून पहिलं लोखंड वाहिलं तेव्हा हे ड्युटीवर होते. दुपारी घरी आले ते काजळलेल्या तोंडानं, हसत. सदऱ्याला ठिणग्यांनी भोकं पडली होती. सासूबाई सुई-दोरा शोधू लागल्या.

"राहू द्या, आई," मी म्हटलं.

अजूनही मनासारखं झालं नाही की मी कुरकुरते. पण देवाचा हात सोडून दूर जाऊन बसत नाही. त्या रविवारी यांना तोच सदरा घालायला लावून मी उपासनेला नेलं आणि अगदी पुढच्या रांगेत बसवलं.

"लोक पाहून राहिले ना," हे संकोचून पुटपुटले.

"पाहू द्या," मी म्हटलं.